नोंदीत दोन

गंजगोलाईत, मुजीब तांबोळीच्या दुकानात
मोबाईलच्या फुटक्या काचा काढायचं जे पातं आहे
त्यानं आम्ही ती डबी उघडली.
जाड, पारदर्शक, कडेनं वितळवून बंद केलेली,
वरच्या पट्टीवर आकडा : नऊ.
मुजीब म्हणाला, "बग हां, फुटली की हे नुस्तं पुठ्ठ्याचं चित्र."
मी म्हणालो, "फोड."

कट्ट.
चार्जर घ्यायला आलेली बाई दचकली.

आत तोच डावखुरा फिरकीवाला,
चेंडू सुटायच्या आधी थांबलेला.
चार कसोट्या खेळला,
आता त्याच्या गल्लीतही त्याला कुणी ओळखत नसेल.
सातवीत, औशाच्या बसस्टँडवर
च्युइंगमच्या पाकिटातून निघाला मला
आणि वीस वर्षं शाळेच्या नकाशासंग्रहात
प्रशांत महासागराच्या पानावर पडून राहिला.
म्हणून कोपरे शाबूत.

मग दहा का नाही?
सोनाराचं भिंग लावून रात्र रात्र बघितलं.
डावीकडची पांढरी कड उजवीपेक्षा केसभर जास्त आहे का?
आहे. नाही. आहे.
बायको म्हणाली, "काय बघलालाव एवढं?
डोळा मारणार हाय का तो?"

ही खोड जुनी.
बारावीला जीवशास्त्रात एक्काहत्तर पडले
तेव्हा अख्ख्या गल्लीनं फेरतपासणीचे अर्ज भरले, मीही भरला.
दीड महिन्यानं एक ओळ आली :
गुणांत बदल नाही.
मी भुतडाशेठच्या डाळमिलमध्ये प्रतवारीला बसलो.

आता आकडे मीच देतो.
मूठभर तूरडाळ काळ्या कापडावर पसरायची,
टरफल, चुरी, डाग बघायचे,
म्हणायचं : फटका. नाहीतर : सव्वा नंबर.
पोळ्याच्या आदल्या दिवशी एक दलाल
सकाळचाच नमुना दुसऱ्या पिशवीतून घेऊन आला.
एका दाण्यावर खडूसारखा ठिपका होता, मी ओळखला.
सकाळी म्हणालो होतो सव्वा नंबर.
दुपारी जेवण झालेलं, पत्र्याच्या फटीतून ऊन तिरपं आलेलं,
म्हणालो, फटका.
ओळखूनसुद्धा म्हणालो.

म्हणजे तिकडेही कुणीतरी जेवून बसत असेलच
या हिशेबावर मी पाकीट बांधलं.
कुरिअरवाल्यानं विचारलं, "किंमत काय लिहू?"
कालपर्यंत सांगता आली असती.

चार महिने गेले.
नळाचं पाणी आठ दिवसांआड यायचं ते दहा दिवसांआड झालं.
दहा म्हणून आमच्या घरी तेवढंच आलं.

मग तो आला.
नवी डबी, नवा क्रमांक,
नऊ.

रात्री त्यांची नोंद काढून बघितली :
या फिरकीवाल्याचे जगात नऊवाले किती?
आधी दोन होते. आता तीन.
मला बरं वाटलं, कुणाला तरी तो नवा सापडला म्हणून,
दूर कुठं, दुसऱ्या कुणाच्या वहीत.
पाणी प्यायला उठलो तेव्हा कळलं,
तिसरा माझाच आहे.
जुनी पट्टी परत पाठवायची असते. मी पाठवली नव्हती,
म्हणून मुजीबच्या पात्याखाली फुटलेला नऊ
तिकडे अजून हयात.

मतदार यादीतही मी दोनदा आहे.
औशातल्या फोटोत मला मिशी नाही.

मुजीब म्हणतो, "धाडून दे की ती पट्टी, हिशेब साफ हुतो."
धाडीन.
सध्या ती पाकिटात आहे, गाडीच्या कागदांमागं.
एक नऊ, ज्याला पुठ्ठा नाही, कोपरे नाहीत,
भिंगाखाली धरायला काहीच नाही.
मिनी मार्केटच्या सिग्नलला थांबलो
की खिशावरून हात फिरवून बघतो,
आहे.