पी.पी. नंबर

सातपूरच्या आयटीआयत, दुसऱ्या मजल्यावर,
अडतीस संगणक आणि करंगळीएवढी एक लाइन.
सगळ्यांच्या वतीने बाहेर जाणारा प्रॉक्सी
टेबलाखाली, पुठ्ठ्यावर, कारण फरशीला ओल येते.
आज त्याला आठवण ठेवायला शिकवतोय.
एकाने मागवलेलं पान
उरलेल्या सदतीस जणांसाठी पुन्हा आणू नकोस,
फडताळात ठेव. वीस जीबी देतो.

जागा लिहिली. फोल्डर लिहिला.
मग कर्सर अडला: किती वेळ?

आमच्या कामगार वसाहतीत फोन एकच,
शैलजा चव्हाणकेंकडे, मिक्सरशेजारी.
बारा घरांच्या पत्रांवर त्यांचा नंबर, पुढे पी.पी.
ट्रंक कॉल महाग. म्हणून काकू एकदाच विचारायच्या
आणि उत्तर कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवायच्या.
मनमाड : आत्या बरी. सूप घेते.
बाबा पहिल्या पाळीहून आले. बरी आहे.
काका दुसऱ्या पाळीहून. बरी आहे.
मी शाळेतून. बरी आहे रे, सूप घेते.
ओढ्याच्या पुढे खांब पडला होता, लाइन बंद.
चार दिवस सूप घेत राहिली आत्या
कॅलेंडरच्या पाठीवर.
मनमाडला तोवर राख सावडून झाली होती.

काकूंना कुणी बोललं नाही.
त्याच पुढे प्रत्येक निरोपाआधी वेळ सांगू लागल्या :
हे सकाळचं आहे हं, सव्वानऊचं.
आणि एक निरोप त्यांनी कधीच लिहिला नाही,
देवळाली कॅम्पातून यायचा, फक्त वंदना गांगुर्डेसाठी.
ऐकला, तिला दिला, विसरल्या.

तर लिहितो.
चित्रं, फॉन्ट : सात दिवस.
निकाल, भरतीच्या याद्या : दहा मिनिटं,
त्यानंतर आधी विचारून ये, बदललंय का.
लॉगिनच्या आतलं काहीच ठेवायचं नाही, ते वंदनाचं.
लाइन गेली तर जुनं दे, चालेल,
पण प्रत्येक उत्तरासोबत त्याचं वय जाऊ दे,
सेकंदांत.

रीस्टार्ट. उठत नाही.
अठराव्या ओळीत अर्धविराम राहिलाय.
टाकला.

आहिरे मॅडमच्या बॅचमधून कुणीतरी ओरडतं,
सर, पळायला लागलं!
मी लॉग बघत बसतो.
हिट. हिट. हिट. मिस. हिट.
मिस दिसला की उगाच बरं वाटतं,
कुणीतरी पुन्हा जाऊन
विचारून आलं.