गार इंजिन

श्रेयांस उपाध्येची गाडी रात्रभर माझ्या शेडात होती,
कुपवाडला, लेथच्या बाजूला, गार पडायला.
आवाज फक्त पहाटे येतो म्हणाला.
एकदा तापली की साळसूद,
पाहुण्यांपुढं बसवलेल्या पोरासारखी.

आवाज कसा, विचारलं.
टिकटिक, म्हणाला.
मग म्हणाला, नाही, खरखर.
मग टाळूला जीभ लावून
काहीतरी काढून दाखवलं
आणि स्वतःच लाजला.
गिऱ्हाईक तोंडानं आवाज काढतं
तेव्हा मी कधी हसत नाही.
निम्मं निदान तिथंच होतं.

सहाला बटण दाबलं.
अल्फिया म्हणाली, "मामा, आला!"
मला काहीच नाही आला.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी मागच्या महिन्यात
माझ्या कानांचा कागद काढून दिलाय.
रेघ डावीकडून बरी चालते, आणि मग
दंडोबाच्या डोंगरावरून पाय घसरल्यागत खाली.
तीस वर्षं ग्राइंडर, घण, उघडे सायलेन्सर.
बारीक आवाज गेले:
चिमण्या, नातीची पैंजणं,
आता हा इंजेक्टर.
गिऱ्हाइकांना सांगितलेलं नाही.
अल्फियाला कळलंय. ती बोलत नाही.

गाडी पुन्हा एक रात्र ठेवून घेतली.
श्रेयांस रिक्षानं घरी गेला, तोंड पाडून.

दुसऱ्या सकाळी लांब पेचकस घेतला,
टोक इंजिनाला, मूठ कानामागच्या हाडाला.
कान गेला तरी हाड ऐकतं.
वर, पेट्रोलच्या पंपापाशी, टिकटिक:
ती असणारच. या नव्या गाड्यांत पेट्रोल
थेट सिलिंडरात मारतात,
शिलाई मशीनच्या सुईगत.
आजार नव्हे तो, स्वभाव.
पण खाली, टायमिंग कव्हरच्या आड,
पहिली दोन सेकंदं
कुणीतरी साखळी पत्र्यावरून ओढत नेली.
मग तेल पोचलं.
मग गप्प.

स्कॅनर म्हणाला, दोष नाही.

"ऑइल कधी बदललंस?"
"स्क्रीनवर अजून चार हजार किलोमीटर दाखवतंय."
अल्फियानं डिपस्टिक ओढली.
टोकाला तेवढं, काकवीसारखं.
टर्बोच्या गाडीला स्क्रीन काय विचारतोस बाबा,
स्क्रीनला कुठं माहितीय तू कसा पळवतोस.
मग एअर फिल्टर काढला
आणि तिघंही बघत राहिलो:
पिवळाधमक.
"मार्केट यार्डात लावतोस?"
"दादांच्या गोदामापुढं. रोज."
अल्फियाला शिंक आली.
"हळद लागलीय," म्हणाली,
"लग्न ठरलं वाटतं गाडीचं."

तो हसला, मग हसू आवरून
खरा प्रश्न विचारला, सगळेच विचारतात तो:
"अशीच अजून किती चालेल?"

कधी कधी दहा हजार चालते.
कधी तासगाव रोडला, ऊस भरलेल्या ट्रॅक्टरला
ओव्हरटेक करताना चेन दात सोडते,
आणि व्हॉल्व्ह पिस्टनला भेटायला जातात.
मी आकडा नाही दिला.
म्हणालो, टेन्शनर थकलाय, चेन मोजू, तेल आजच बदलू.
"शनिवारी आंबोलीला जायचंय, मामा."
"जा की. एसटीनं."

तो गेल्यावर अल्फिया फडक्यानं हात पुसत
बराच वेळ उभी राहिली.
"मामा, ती साखळी
मला नाही ऐकू आली."
मी पेचकस तिच्या हातात दिला.
पण आता इंजिन तापलेलं,
उद्या सहापर्यंत ते काही सांगणार नाही.

बंद इंजिन निवताना पत्रा वाजतो म्हणतात.
पूर्वी मीही ऐकायचो.
"वाजतंय का?"
"वाजतंय."
"मोज मग," म्हणालो,
आणि चहाला पाणी ठेवलं.