आता बरं, की मघाचं?

मीटरवर एकतीस हजार चारशे आठ.
लोटन आप्पा म्हणाले, "खोटं नाही सांगत भो,
एकदा पूर्ण फिरून आलंय ते."
म्हणजे एक लाख एकतीस हजार.
पृथ्वीला तीन फेऱ्या,
आणि सगळ्या फैजपूर ते न्हावी, न्हावी ते आमोदा,
फार तर सावद्यापर्यंत.

आप्पा वीज मंडळात मीटर-रीडर होते.
जन्मभर दुसऱ्यांचे आकडे वहीत उतरवले,
स्वतःचा लपवायचं सुचलंच नसावं.

मी चष्मेवाला. बाजाराच्या मागे मागे गावं फिरतो,
एसटीत मांडीवर काचांची पेटी.
खड्डा आला की दोनशे काचा
एकदम दात वाजवतात.

हिचे अठरा सांगितलेत. माझ्याकडे चौदा,
आणि बायकोच्या भिशीचे चार,
जे मागायचे कसे ते अजून ठरत नाही.

सायबू तडवीला सोबत नेलं.
त्याने टाकीला कान लावला,
सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरून
बोटं नाकाशी नेली.
"ऑइल पिते थोडं. चेन गेली.
शॉकअपचं तर बोलूच नको."
"मग नको घेऊ?"
"असं कुठं म्हटलं मी?"
सायबूचं बोलणं मेन स्टँडवर लावलेलं असतं:
चाक फिरतं, गाडी जागेवर.

मे महिना, दुपारचे चार.
केळीच्या पानांच्या चिंध्या झालेल्या,
डांबर टायरला चिकटून चर्र आवाज करतंय.
हँडल जरासं डावीकडे ओढतं.
मी सरळ धरतो,
ती प्रत्येक ओसरीकडे, प्रत्येक खांबाकडे
मान वळवू बघते.
पुढच्या सीटचं रेक्झिन गेलंय,
वर सुतळीने बांधलेलं गोणपाट.
मागचं सीट कोरं.
साडीगार्डवर एक ओरखडा नाही.
मी विचारलं नाही.

परतलो तर आप्पांच्या हातात आरसी बुक.
हातभर लांब धरलं, मग नाकाशी आणलं,
मग उन्हाकडे तिरकं केलं.
"हे बघ, पुन्हा पासिंग केल्याची तारीख,"
आणि बोट ठेवलं ते पत्त्यावर.

पेटी जवळच होती. म्हटलं, बसा जरा.
नाकावर गोल फ्रेम चढवली,
एक काच घातली, दुसरी घातली.
आता बरं, की मघाचं?
दिवसातून पन्नासदा विचारतो मी हे,
आणि स्वतःला विचारायची वेळ आली
की घरी जाऊन झोपतो.
आप्पा म्हणाले, "सारखंच."
दोन, अडीच, तीन.
"सारखंच रे."
बॅटरी मारली. डाव्या बाहुलीत
पातळ ताकासारखं काही साचलेलं.

"याला काच नाही आप्पा. ऑपरेशन आहे."
"माहीत आहे मले.
होळीच्या सुमारास एक म्हैस दिसली नाही.
तिनंच रस्ता सोडला, म्हणून बसलोय इथं."

हँडल डावीकडे का ओढतं
ते विचारणार होतो. राहू दिलं.

पेटी बंद करताना एक वाक्य जिभेवर आलं:
डोळा झाला की गाडी लागेल तुम्हाला, विकू नका.
फुकटचं वाक्य.
बोललो तर उद्यापासून पुन्हा एसटी,
पुन्हा मांडीवर दोनशे दात.
सायबू चिंधीला हात पुसत राहिला,
हात स्वच्छ झाल्यावरही.

आप्पांनी मीटरच्या काचेवरून अंगठा फिरवला,
बघत होते केळीच्या बागेकडे.
"अकरा झाले असतील. चारशे अकरा.
शाळेपासून फिरलास ना तू?"
मी वाकून पाहिलं.
अकरा.

खिशातून पाचशेची नोट काढली.
बयाणा म्हणून दिली,
की जळगावच्या दवाखान्यापर्यंतचं भाडं म्हणून,
आत्ताही सांगता येणार नाही.
आप्पांनी ती दोन बोटांत चाचपून पाहिली,
किती ते ओळखलं,
घडी करून बंडीच्या खिशात घातली.
कसले, ते विचारलं नाही.