मूळ कापड

पोवई नाक्याकडून खाली उतरलं की आमचं दुकान.
'पोरे मिलिटरी टेलर्स', आणि शेजारी
वडिलांनी स्वतः रंगवलेलं बिगुल,
जरा पुंगीसारखं दिसणारं.

एका डिव्हिजनचं चिन्ह होतं बैल.
वडिलांनी निरखून बैल बघितले ते पुसेगावच्या बाजारात,
म्हणून बिल्ल्यावर उतरला खिलार,
शिंगं मागे गेलेली, पांढराशुभ्र, शांत.
मेजरसाहेब म्हणाले, पोरे,
आमचा बैल मान खाली घालून चाल करून जातो.
हा तर गिऱ्हाइकाची वाट बघतोय.
शंभर नग उसवले.
एक राहिला. अजून मशीनच्या खणात
रिकाम्या बॉबिनांची राखण करतो.

मी शिकलो ते असं :
आधी लाल, मग पिवळा, काळी कड शेवटी.
तलवारी ढालीच्या मागून निघतात.
खांद्याच्या शिवणीपासून तीन बोटं अंतर.
आणि जनावर कुठलंही असो, तोंड पुढे.
म्हणून दोन बाह्यांवरचे दोन वाघ
जन्मभर एका अंगावर राहून
एकमेकांकडे कधी बघत नाहीत.

परवा वडूजकडच्या कलावती घार्गे आल्या.
पिशवीतून शर्ट काढला, इस्त्रीचा.
"ह्याच्यावरचं उसवा.
पोरगं घालून जातंय डेअरीला दूध घालायला.
ज्यानं कमावलं न्हाई त्यानं मिरवू नये,
असं ह्यांचं म्हणणं होतं."
होतं, म्हणाल्या.
मी पुढं विचारलं नाही.

ब्लेड लावलं. टाके माझे नव्हते.
जाडा दोरा, एक लांब, एक आखूड,
कोपऱ्यात गाठीवर गाठीवर गाठ.
बोटं गारठलेली असताना
कुणी कंदिलाशी बसून शिवावं, तसे.
इतका वेळ मला उसवायला कधी लागला नव्हता.

बिल्ला सुटला.
शर्ट उन्हानं पार विटलेला,
आणि त्या जागी, ढालीच्या आकाराचा,
पहिल्या दिवसाचा गर्द हिरवा.

बाईंनी त्यावरून अंगठा फिरवला.
थुंकी लावून पुन्हा फिरवला.
"ह्यो डाग निघंल का?"

डाग नव्हे, वहिनी.
हे मूळ कापड.
उडालाय तो बाकीचा शर्ट.

बिल्ला त्यांनी रुमालात बांधला.
उसवायचे किती, म्हणाल्या. दहा.
नको म्हणायला हवं होतं का,
माझं अजून ठरत नाही.

आता पहाटे वडूजच्या रस्त्यानं
एक पोरगा किटल्या अडकवून सायकल मारत असेल.
दंडावर गर्द ढाल.
तिच्यावर जनावर कुठलंच नाही.