असावा

मुंब्र्याच्या वरच्या अंगाला
दरडीच्या जाळीसाठी डोंगर मोजत होतो.
लखमा तुंबडा टेप धरायचा,
मी लाल ऑइलपेंटने दगडांवर आकडे टाकायचो.

सोळानंतर कपार लागली.
आत, धुराने काळ्या पडलेल्या छताला
एक हात.
गेरूचा, लहान,
करंगळी जराशी वाकडी.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या, चष्मा कपाळावर.
तासभर मान वर करून म्हणाल्या,
विधी असावा.
शिकारीआधीचा असावा,
किंवा कुणी वयात आलं असावं.
बॅटरी संपेपर्यंत नुसतं असावं, असावं.

लखमा छताकडे बघतच नव्हता.
"साहेब, हात पुरतो का तुमचा?"
टाचा उचलल्या, तरी वीतभर कमी.
"मंग पोराला खांद्यावर घेतलं असंल कुणी.
घेणारा हितं उभा. ह्या खळग्यात पाय.
त्याच्या केसांत गेरू ठिबकला असंल."

आणि तो त्या खळग्यातून
हळूच बाजूला सरला,
कुणाच्या तरी जागेवर उभं राहिल्यासारखा.

"आमच्यात लग्नाचा चौक लिहितात," एवढंच म्हणाला.
"लिहून झाला का देव येतो.
मंग भिंत पुसली तरी चालते."

डब्यात रंगावर साय धरली होती.
काडीने फोडली, ढवळली,
झाकण लावलं.

ऑफिसात नकाशा पसरून साहेबांनी विचारलं,
सोळानंतर एकदम अठरा? सतरा कुठाय?

नखांतला लाल रंग
रॉकेलनेही निघाला नव्हता.

म्हटलं, मोजताना
सुटला असावा.