मागच्या सात दिवसांत

सुभाषनगरात, तिसऱ्या गल्लीत,
जिथं उंबऱ्याच्या आधीच चामड्याचा वास सुरू होतो,
नमुन्यात निघालेलं एक घर.
एकदा नाही, चार वेळा जायचं, दर तीन महिन्यांनी.
तेच घर, तीच माणसं, तेच प्रश्न.

पहिल्या खेपेला सुलाबाई दारातच बसलेली.
मागच्या सात दिवसांत काय काम केलंत?
'मी? मी काय करत नाही. घरातच असतो.'

असतो म्हणाली.
आमच्याकडं बायका अशाच बोलतात,
मी येतो, मी जेवलो, मी दमलो.
क्रियापद तेवढं पुरुषाचं मिळालंय आम्हाला, फुकटात.
मीही घरी 'आलो' म्हणते, ऑफिसात 'आले'.

टॅबवर ब्याण्णव दाबलं: फक्त घरकाम.
पुढचं पान उघडेपर्यंत
तिच्या हातातली वेणी वीतभर वाढली होती.

हे काय मग?
'हे व्हय? चपलेची वेणी. ते ह्यांचं काम.'
चामड्याची वादी पायाच्या अंगठ्यात अडकवलेली,
डोळे माझ्याकडं, बोटं आपापली चाललेली.
दिवसाला किती तास?
'मोजतंय कोण!'
मी मोजते, म्हणणार होते.
आतून बाबूराव ओरडले, 'मॅडम, घरकामच लिवा,
उगं रेशनकार्डाचं काय वाकडं व्हायला नको.'

ब्याण्णव पुसलं. एकवीस टाकलं.
एकवीस म्हणजे घरच्या धंद्यात मदतनीस, बिनपगारी.
अशी कुठल्यातरी टक्क्याच्या दशांशचिन्हापलीकडं
सुलाबाई त्या दिवशी कामाला लागली,
एकतीस वर्षं काम करून.

साहेबांचा फोन: एका घराला एवढा वेळ?

दुसऱ्या खेपेला लेक घरी होती. प्रणोती, बी.कॉम.
काम शोधतेस का?
तिनं आधी आतल्या खोलीकडं बघितलं.
'शोधणं म्हणजे काय धरायचं?
शाहूपुरीत दोन दुकानांत विचारलं.
शिरोलीत बोलावलं तर रात्रपाळी, घरात नको म्हणाले.
रोज रात्री मोबाईलवर बघते, उजेड कमी करून.
ते धरायचं का?'
सूचनांच्या पुस्तिकेत उजेड कमी करण्याबद्दल काही नव्हतं.
एक्याऐंशी टाकलं, आणि तिनं विचारलं म्हणून सांगितलं:
बेरोजगार.
ती हसली. 'पप्पांना सांगू नका हं.
पण बरं वाटलं. म्हणजे मी कुठंतरी आहे.'

तिसऱ्या खेपेला कुलूप.
गडहिंग्लजला लग्नाला गेल्यात, शेजारीण म्हणाली.
पायरीवर बसून पाणी प्याले.
माझा करार अकरा महिन्यांचा, त्यातला हा नववा.
बाराव्या महिन्यात कुणी दार वाजवलं
तर मी कोणता आकडा सांगणार,
आणि सासूबाई कोणता?

चौथ्या खेपेला सुलाबाईनं मी बसायच्या आत
खिळ्यावरचं दुधाचं कॅलेंडर काढून मांडीवर ठेवलं.
दूध दोन लिटर, दूध दीड, दूध नाही,
आणि त्याखाली पेन्सिलीनं, मुंगीएवढ्या अक्षरांत:
वेणी पाच तास. गोंडे तीन. वेणी दोन, बोट चिरलं.
पाणी भरलं. भाकरी दोन वेळा. मामंजींचं अंथरूण.
पंचगंगेला गोधड्या, सकाळ गेली.
एकही चौकोन मोकळा नाही.
'कुठलं धरायचं ते तू बघ.
मी सगळं लिवलोय.'

टॅबमध्ये सातच दिवस मावतात.
आठवा दिला तर लाल रेघ येते.
सात भरले. बाकीची पानं उलटत राहिले,
जणू तीही कुठंतरी भरायची आहेत.

'आता पुढं कधी येणार?'
चार खेपा झाल्या. घर नमुन्यातून बाहेर.
पुढच्या तिमाहीत दुसरी गल्ली, दुसरं दार.
हे सांगायला तोंड उघडलं,
तर तिनं वादी अंगठ्यात अडकवली होती.
मग काहीतरी आठवून ती थांबली,
कानामागची पेन्सिल काढली,
भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून
आजच्या चौकोनात आधी लिहिलं:
अकरा पाच.

मी गप्प बसलो.