ड्रेसिंग

दिवसभर सोहारच्या इस्पितळात
माझं ड्रेसिंगच चालू:
गॉज, चिमटा, बीटाडीन.
म्हणून तेरेसिता म्हणाली, "सॅलडचं ड्रेसिंग संपलंय,"
तर मी विचारलं, "लागलं कुठं त्याला?"

जबल अखदरचं शेवटचं डाळिंब.
दाणे चाळणीवर दाबले,
मनगटापर्यंत ओघळ. सवयीनं कापूस शोधला.
रसात भाजलेलं जिरं, मिरी,
आणि हिंग, आईनं पाठवलेला,
कस्टमवाल्यानं दोनदा हुंगून सोडलेला.
तेल घातलं, बाटली हलवली.
थांबलं की तेल वर येतं,
पुन्हा हलवायची.

तेरेसितानं काकडीचा काप बुडवून खाल्ला,
डोळे मिटले. "आता दुखत नाही."

हात तीनदा धुतले तरी
उद्या ग्लोव्हजच्या आत हिंग असेलच.
नऊ नंबरचा म्हातारा ट्रकवाला
पट्टी सोडताना विचारेल,
काय शिजवलंस?